बिनरश्श्याची कंदुरी

आमचे हे वेल्डर. वसमतच्या मोंढ्यात तातेराव वेल्डर कुठं म्हणून विचारलं, तर कोणी बी आमच्या गावाकडं बोट दाखवील. हळद शिजवायचे ड्रम करून देतात. हंगामात ह्यांना जेवायला फुरसत न्हाई, आन् हंगाम सरला की मला सुख न्हाई. कारण मंग हे घरातल्या वस्तूंवर घसरतात. मोडकी वस्तू दिसली की दुरुस्त करायची, आन् चांगली दिसली की आत काय हाय ते उघडून बघायचं. माझा मिक्सर असाच गेला. जेवायला बसले तरी काळा चष्मा कपाळावर. मी म्हणते, अव्हो, भाकरीतून काय ठिणग्या उडून राहिल्या का? हे हसतात आन् कालवण मागतात.

मागल्या दिवाळीला आमचा विजू, विजयकुमार, पुण्याहून आला आन् त्यानं बापाला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कोणी तरी परदेशी माणूस अंगणात लोखंडी पेटी मांडून बसलेला. पेटीत लाकडाच्या भुशाच्या बारक्या गोळ्या आपोआप पडायच्या, जळायच्या, आन् त्या धुरावर मटनाचा गड्डा दिवसभर ठेवलेला. संध्याकाळी त्यानं हाड धरून ओढलं तर हाड मोकळं हातात आलं. मटनाचे बोटानं धागे धागे सुटले. डुकराचं व्हतं ते. मी म्हणलं, बंद करा बाई ते.

"जनावर त्याचं त्याला लखलाभ," हे म्हणले. "आपण बोकडाचं करू. तू धागे बघ, सुमन. असे धागे असले तर चावायचं कामच न्हाई."

तवा माझ्या ध्यानात आलं, हे कोणाचा इचार करून राहिले ते. चाँदभाईचा.

चाँद पाशा गावातले मुलाणी. मटनाचं दुकान हाय, दोन एकर जमीन हाय. आमच्या ह्यांचे वडील लवकर गेले, तवा चाँदभाईच्या अब्बांनी दुकानाच्या बाजूची जागा दिली आन् म्हणले, "पोरा, मांड तुझं मशीन इथं." भाडं घेतलं न्हाई. तवापासून हे दोघं असे की एकानं शिंकलं तर दुसऱ्यानं नाक पुसावं.

आन् आमच्या घरची कंदुरी. सासूबाईंची लेकरं जगत नव्हती. त्यांनी गावच्या दर्ग्याला नवस बोलला आन् हे जगले. तवापासून दरसाल दर्ग्यापुढं बोकड कापायचं आन् आमच्या अंगणात सगळ्या गावाच्या पंगती. रीत बांधलेली हाय. बोकड चाँदभाई कापणार, फातिहा तेच देणार आन् पंगतीत पयला घास त्यांचा. त्यांनी घास घेतल्याबिगर भाकरीला कोणी हात लावत न्हाई. मुंडी-पाय मुलाण्याच्या घरी जायचे, बाकी सगळं त्याच दिवशी पंगतीत सरवायचं. माझं काम भाकरीचं. मी माळकरी. मटनाची चूल अंगणात, भांडी वेगळी, शिजवणारे गडी. त्या भांड्यांना मी कधी हात लावला न्हाई आन् कोणी मला लाव म्हणलं बी न्हाई.

दोन वर्षांखाली चाँदभाईच्या जबड्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, माणूस वाचला, देवाची किरपा. पण तोंड दोन बोटांच्या वर उघडेना. दाढा गेल्या. तिखटाचा थेंब लागला तर डोळ्यातून पाणी. हलीमा, त्यांची बायको, सगळं मिक्सरमधून काढून द्यायची. ते भिताडाकडं तोंड करून जेवायचे. दोन कंदुऱ्या झाल्या. चाँदभाई आले, बोकड कापलं, फातिहा दिला आन् "दुकानावर काम हाय" म्हणून निघून गेले. पयला घास ह्यांनी घेतला. पण बघवत नव्हतं मला, असं खाऊन राहिले व्हते हे.

मी म्हणलं, "कुकरला चार शिट्ट्या जास्त मारा की. लगदा व्हईल. वाटीत वेगळं द्या त्यांना."

"वेगळं दिलं की उठला तो," हे म्हणले. "सगळ्यांच्या ताटात रस्सा-मटन आन् त्याच्यापुढं वाटीत लगदा. बसल का चाँद? मला सगळ्यांच्या ताटात एकच पायजे. त्याला बी खाता आलं पायजे आन् भावकीतल्या उत्तमदादाला बी." आन् मंग खाली बघत म्हणले, "यंदा तो बसला न्हाई तर पुढं कंदुरी बंद. मित्राला उपाशी घरी लावून मी कोणाचा नवस फेडून राहिलो?"

 सासूबाईंचा नवस व्हता तो, त्या माउलीनं मरतानी माझ्या हातात दिलेला. मी लई भांडले. पण मनातून मला बी ह्यांचं पटलं व्हतं, ते मी काही बोलले न्हाई.

मंग सुरू झाला आमच्या अंगणातला कारखाना. हळदीचा एक ड्रम आडवा केला. त्याला झाकण, धुराडं, आत जाळी. बाजूला गोळ्यांचा डबा, आन् गोळ्या पुढं ढकलायला कोण्या भंगारातल्या जीपच्या वायपरची मोटर. गोळ्या आणल्या एका कारखान्यातून, तिथं त्या बॉयलरसाठी करतात. पयल्या खेपेला बोकडाची मांडी ठेवली. वरून कोळसा, आतून कच्ची, आन् वास असा की आमचं कुत्रं आलं, हुंगलं आन् माघारी गेलं. विजूनं फोनवर सांगितलं, बाबा, त्या गोळ्यात कापसाची पऱ्हाटी असती, फवारणीचं इख असतं, ते खाण्याच्या कामाचं न्हाई. मंग हे वखारीतून नुसत्या बाभळीचा भुसा घेऊन गेले आन् त्याच कारखान्यात, यंत्र साफ करायला लावून, गोळ्या पाडून आणल्या.

दुसऱ्या खेपेला झाकणानं घात केला. अंगणात जो येईल तो म्हणणार, "बघू द्या तातेराव, काय शिजून राहिलं," आन् झाकण वर. आपल्या लोकांना झाकलेलं भांडं दिसलं की हात आवरत न्हाईत. सगळी ऊब निघून जायची. दिवस मावळला तरी मटन तसंच ताठ. ह्यांनी काय करावं? झाकणाला कडी वेल्ड केली आन् कुलूप लावलं! चावी करगोट्याला. मी म्हणलं, तिजोरीला कुलूप न्हाई आपल्या, आन् मटनाला हाय. तिसऱ्या खेपेला अर्ध्या दिवसानं केळीच्या पानात गुंडाळून परत ठेवलं, आन् संध्याकाळी हाड ओढलं तर आलं की मोकळं! हे अंगणात नाचले. नातवंडं असायच्या वयाचा माणूस. मला हसू आवरंना.

कंदुरीच्या दिवशी पहाटंच बोकड कापलं. चाँदभाईंनी मुंडी-पाय घरी पाठवले. दरसाल रस्सा करणारे अमृतराव आले तर ह्यांनी त्यांना सांगितलं, "यंदा तुमी नुसतं जेवायला या. सगळं मी बघतो." आन् मीठ, हळद, आलं-लसूण चोळून सगळं बोकड ड्रममदी. सगळं म्हणजे सगळं. बाजूला एक हाड ठेवलं न्हाई. मला हे ठाऊक न्हाई, मी आत भाकरी थापत व्हते.

दिवस कलला तशी पंगत बसली. सडा टाकलेला, तरटं हातरलेली, गावातली सगळी जाणती माणसं. फातिहा झाला. चाँदभाई उठले, चपला शोधायला लागले. ह्यांनी कुलूप काढलं, झाकण उघडलं. काय तो वास सुटला! मी मटन खात न्हाई, पण खोटं काहून बोलू, मला बी कळलं की हे काही तरी चांगलं झालंय. ह्यांनी केळीचं पान सोडलं आन् हाड धरून उचललं. हाड वर आलं, मटन खालीच राहिलं.

"चाँद," हे म्हणले, "बस."

चाँदभाई त्या हाडाकडं बघत राहिले. मंग चपला सोडल्या आन् पंगतीत बसले. हलीमा माझ्यापाशी सैपाकघराच्या दारात उभी व्हती. तिनं माझा हात धरला.

ताटं वाढली. सगळ्यांना तेच, धाग्याधाग्याचं मटन. इकडं लोकांनी सवयीनं भाकरी चुरल्या, मधी आळं केलं आन् रश्श्याची वाट बघत बसले. उत्तमराव आमच्या भावकीतले थोरले, आवाज असा की शिवारापलीकडं जावा.

"अरे, रस्सा आणा की!"

ह्यांच्या हातातली परात तशीच राहिली. तवा मला कळलं, आन् त्याच वक्ताला ह्यांना बी कळलं. रस्साच न्हाई! चाँदच्या घासाचा इचार करता करता हा माणूस सगळ्या गावाचा रस्सा इसरला. आमच्याकडं लग्नात नवरदेव नसला तर एक वेळ चालून जाईल, पण कंदुरीत रस्सा न्हाई म्हणजे काय बोलावं?

"रस्सा न्हाई केला दादा," हे म्हणले. "यंदा कोरडंच."

"कोरडं?" उत्तमरावांनी धागा बोटात धरून वर केला. "हे मटन हाय का सुतळी? आन् चुरलेल्या भाकरीचं काय करू, कोंबड्यांना टाकू? काहून केलं असं?"

 सगळ्यांच्या नजरा चाँदभाईकडं गेल्या, कारण काहून केलं ते सगळ्यांना दिसत व्हतं. चाँदभाईंनी ताट पुढं सारलं. "माझ्यापायी सगळ्यांचं जेवण बिघडलं, तातेराव," म्हणले आन् जमिनीला हात टेकून उठायला लागले. हलीमा पुटपुटली, "जाऊ द्या भाभी, जाऊ द्या त्यांना."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी एवढ्या गडीमाणसांत कधी बोलत न्हाई, त्या दिवशी बोलले.

"चाँदभाई, खाली बसा! फातिहा तुमी दिला, पयला घास तुमचा. तुमी उठले तर ही सगळी पंगत उपाशी उठल, आन् ते पाप मी घेणार न्हाई. उत्तमदादा, तुमी बी गप बसा. तुमच्या भाकरीला वलं पायजे ना? देते. तवर कोणी जागचं हलायचं न्हाई."

आत गेले. येसरचा डबा काढला. भाजल्या धान्यांचं आन् मसाल्याचं हे पीठ आमच्याकडं घरोघरी भरलेलं असतं, लग्नकार्यात त्याचीच आमटी लागती. हलीमानं चूल पेटवली, मी मोठ्या पातेल्यात फोडणी दिली, पाणी वतलं, येसर कालवून सोडलं. तिखटाला हात आखडला, गूळ थोडा जास्त टाकला. हलीमा ढवळत व्हती आन् तिचे डोळे गळत व्हते. मी म्हणलं, बाई, पातेल्यात नको पाडू, आमटी खारट व्हईल. तशी हसली.

आमटीचं पातेलं धरून दोघी बाहेर आलो. अमृतराव उठले आन् त्यांनी वाढायला घेतली. भाकरीच्या आळ्यात माझी आमटी आन् वर ह्यांचं मटन. माझ्या चुलीवरचं कालवण आन् अंगणातलं मटन एका ताटात आलं, तसं आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

आता सगळे चाँदभाईकडं बघून राहिले. त्यांनी दोन धागे घेतले, आमटीत बुडवले आन् बोटानं हळूच आत सारले. जबडा हलला. थांबला. परत हलला.  मंग गिळलेलं दिसलं, गळ्यातली घाटी वर-खाली झालेली. त्यांनी दुसरा घास घेतला, भिताडाकडं न वळता, उत्तमरावांच्या समोरासमोर.

"बघता काय?" मी वरडले. "सुरू करा की!"

पंगत तुटून पडली. उत्तमरावांनी एक घास घेतला, मंग दुसरा, आन् मंग त्यांचा आवाजच बंद झाला, ते आमच्या गावात क्वचित व्हतं. हे ड्रमला टेकून उभे व्हते आन् ढसाढसा रडत व्हते, सगळ्या गावासमोर, लाज न्हाई शरम न्हाई. मी बी रडले. चांगलं रडले.

वाढपी दुसऱ्या टोकाला गेले व्हते. तवा चाँदभाईंनी हात वर केला. आवाज अजून बोबडा पडतो त्यांचा, पण मोठ्यानं म्हणले, "अरे, इकडं मटन आणा थोडं!"

हलीमानं माझा दंड आवळला. "भाभी, मागितलं. दोन वर्षांत घरात काही मागितलं न्हाई त्यांनी. मी पुढं ठेवायचे आन् ते गिळायचे. मागितलं हो भाभी."

जवळ कोणी नव्हतं. मटनाची परात ओट्यावर व्हती. मी पदर खोचला, परात उचलली आन् पंगतीत गेले.

चाँदभाईंनी वर बघितलं, मंग माझ्या गळ्यातल्या माळेकडं. "भाभी, तुमी कशाला? दुसरं कोणी..."

"दुसरं कोणी न्हाई," मी म्हणलं. "वाढल्यानं माळ तुटत न्हाई. ताट पुढं करा."

त्यांनी ताट पुढं केलं. "मंग हात आखडू नका भाभी," म्हणले. "लई दिवसांची भूक हाय."