पडद्यावरची पाठ
तालमीतल्या तेल-ताक मुरलेल्या तांबड्या मातीचा वास आला, की दुसरं महायुद्ध संपल्यावर नगरजवळ आमच्या भिंगारला आलेली सिनेमा कंपनी आठवते. नायकाशी कुस्तीत हरायला त्यांना पैलवान हवा होता. माझ्या पाठीला तोवर कुणी माती लावली नव्हती. पण पडद्यावर तोंड दिसणार, म्हणून मी कबूल झालो आणि सासुरवाडीपर्यंत निरोप धाडले. कॅमेरा खड्ड्यात, नायक उजेडात उंच, आणि मी पाठमोरा, वाकलेला. मी दिग्दर्शकाला विचारलं, "साहेब, जरा वळू का?" "नको पैलवान, तुमचं तोंड दिसलं तर लोक तुमच्यासाठीच हळहळतील." नगरला सिनेमा लागला, तेव्हा बायको सारखी विचारत होती, "अवं, तुमी कुठं हाय?" शेवटी वैतागून म्हणालो, "ती पाठ माझी." "व्हय का? माती लागलेली तीच न्हवं?" आजही घरात कुस्तीचा विषय निघाला, की ती आधी माझा सदरा मागून झटकते.