पप्पांचा पुढचा दात

पप्पांनी आयुष्यभर दोनच कामं केली. एरवी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ॲसिडच्या टाक्यांपाशी उभं राहायचं आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचं. टाक्यांच्या वाफेने पुढचे दात झिजले आणि क्लॅरनेटला नेमके तेच लागतात, कारण वाद्याचं तोंड वरच्या दातांना टेकवून धरावं लागतं. मी दातांची डॉक्टर झाले तेव्हा बुवापाड्यातल्या आमच्या गल्लीत पेढे वाटत ते म्हणाले होते, "आता माझं टेन्शन खल्लास!"

धाकट्या बहिणीच्या लग्नाला दहा दिवस राहिले असताना त्यांचा वरचा पुढचा दात अर्धा तुटला. नवरदेव दारात येईल तेव्हा क्लॅरनेट मीच वाजवणार, असा शब्द त्यांनी तिला ती शाळेत होती तेव्हाच दिला होता. मी म्हटलं, दात कोरून कॅप बसवू. "ते लग्नानंतर कर गं. आता फक्त चिकटवून दे," म्हणाले.

दाताच्या रंगाचं सिमेंट चिकटवण्यात सगळी गोम ओलाव्याची असते. दाताला जेल लावायचं, धुवायचं, मग पाणी टिपायचं, पण पूर्ण नाही. दाताच्या आतल्या थरात बारीक तंतू असतात. ते ओलसर असले तरच चिकटवायचं औषध त्यांच्यात मुरतं. पाणी जास्त राहिलं तर जोड हळूहळू कमजोर होतो. फार सुकवलं तर तंतू दबून बसतात आणि औषध वरच्यावरच राहतं. म्हणून कापसाने टिपून दात नुसता चकाकेल इतपत ओला ठेवायचा. हे मी झोपेतही करीन.

पण त्या दिवशी खुर्चीत पप्पा होते. यांचं सुटता कामा नये, एवढंच डोक्यात. थुंकीचा थेंब दिसला की मी तो लगेच टिपत होते. मी हवेची पिचकारी उचलली आणि दात खडूसारखा पांढरा होईपर्यंत हवा मारत राहिले. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला तिथेच झापलं असतं. गालात कापूस असतानाही पप्पा बोललेच, "डॉक्टरीणबाई, दात सुकवताय का पापड?"

"गप्प बसा हो," मी म्हटलं.

लग्न बदलापूरच्या एका हॉलमध्ये होतं. नवरदेवाची गाडी आली. नवरीच्या पांढऱ्या साडीतली बहीण सगळ्यांचं न ऐकता दारापर्यंत आली. पप्पांनी पहिली ओळ काय सुंदर वाजवली! दुसऱ्या ओळीत सूर फाटला आणि त्यांचा हात तोंडावर गेला. मला लगेच कळलं. माझ्या पर्समध्ये टिश्यू होते, लिपस्टिक होती, त्या दाताला उपयोगी पडेल असं काही नव्हतं.

"पत्ती फाटली यार," ते साथीदाराला म्हणाले. पत्ती म्हणजे क्लॅरनेटला लावतात ती वेताची पट्टी. साथीदाराने खिशातून नवी पत्ती काढून पुढे केली. पप्पांनी ती घेतली नाही. बँड त्यांच्याशिवाय वाजत राहिला आणि ते कडेला उभे राहून मान डोलवत राहिले. बहिणीने माझ्याकडे एकदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पप्पा दवाखान्यात आले आणि बाकीच्या पेशंटांसारखे नंबराला बसले. रुमालातून सुटलेला सिमेंटचा तुकडा काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. त्याची आतली बाजू साफ गुळगुळीत होती. दाताचा कणही त्याने धरला नव्हता.

"पप्पा, चूक माझी आहे. मी फार सुकवला," मी म्हटलं आणि मला रडूच आलं.

"काहीतरीच काय! पत्तीच खराब होती," ते म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले.

मी आरसा आत घातला. उरलेला दात हिरडीच्या आतपर्यंत चिरला होता. तिथे आता ओलं काय अन् कोरडं काय, काहीच टिकणार नव्हतं. काढायलाच लागणार होता.

पप्पांना ते माहीत नव्हतं. "चल, कर सुरू. नीट सुकव हां," ते म्हणाले आणि डोळे मिटून त्यांनी मोठा आ केला.