पाळीच्या खाणीतला रिव्हर्स शॉट

आमच्या धारगळच्या घरी वीज गेली की भुताखेतांच्या गोष्टी निघायच्या, आणि सगळ्यात मोठ्याने हसणारा मी असायचो. देवचार वगैरे मी आजही मानत नाही. पण पाळी गावात जे झालं ते सांगतो... तुम्हीच ठरवा.

मी पणजीत एका जाहिरात कंपनीत आहे. बूट बनवणाऱ्या एका ब्रँडला 'खाणपट्ट्यातली रॅपर' हवी होती. बूट नावापुरते – विकायचा होता तो रुबाब. हूडी, जाड चेन, उघडी जीप, मागे लाल माती. पाळीचीच सान्वी आम्हाला इन्स्टावर सापडली. कोकणी-मराठीत रॅप करायची, आणि खरंच भारी करायची. क्लायंटने मात्र तिचे शब्द काढून आमच्या ऑफिसातले घालायला लावले.

चेन गळ्यात घालताना ती हसली. "दादा, असलें घालून आमच्या गांवांत कोण भोंवता?"

"गावासाठी नाही गं, रीलसाठी," मी म्हटलं.

बंद खाणीच्या काठावर भर दुपारी शूट. खाली खड्ड्यात हिरवं पाणी. शॉट सोपा होता – जीप रिव्हर्समध्ये हळूहळू मागे जाणार, सान्वी तिच्यात उभी राहून कॅमेऱ्याकडे बघत गाण्यावर ओठ हलवणार. काठाच्या बरंच अलीकडे आम्ही चुन्याची रेघ मारली होती. तिथे थांबायचं. ड्रायव्हर म्हापशाचा, चांगला अनुभवी.

स्पीकरवर गाणं लागलं. दुसऱ्या कडव्यात बीटच्या आतून एक पुरुषी आवाज आला – "येऊं दी... येऊं दी..." ट्रक मागे घेताना क्लीनर हाक देतो ना, अगदी तशी. मला वाटलं, आमच्यातलाच कोणीतरी. जीप रेघ ओलांडून मागे गेली. "येऊं दी..." मी ओरडलो, पण स्पीकरपुढे माझा आवाज कुठला पोचतोय! धावत सुटलो. सान्वीची पाठ खड्ड्याकडे, ओठ चालूच...

"राव!" तोच पुरुषी आवाज. राव म्हणजे थांब.

करकचून ब्रेक. मागच्या चाकाजवळची माती सुटली, ढेकळं पाण्यात पडलेली ऐकू आली. मी सान्वीला हाताला धरून खाली ओढलं. ड्रायव्हर उतरून माझ्याकडे आला. "तुम्हीच बोलवत होता ना, साहेब?"

आमच्यापैकी कोणीच बोलवत नव्हतं. गाण्याची फाइल तिथेच पुन्हा लावली – नुसता बीट आणि सान्वीचा आवाज.

संध्याकाळी फूटेज पाहिलं. कॅमेऱ्याच्या माइकवरही तो पुरुषी आवाज नाही. पण ओठ काहीतरी वेगळंच म्हणत होते... आवाज बंद करून पाहिलं. दुसऱ्या कडव्यापासून सान्वी गाणं म्हणतच नव्हती. येऊं दी. येऊं दी. राव.

"शपथ दादा, हांव गाणेंच म्हणटालें," ती रडवेली झाली.

क्लायंटला नेमका तोच शॉट आवडला. "एक्स्प्रेशन बघा, किती रॉ!" वर दुसरे शब्द चढवले आणि जाहिरात गेली. खूप चालली.

ती दाखवायला मी सान्वीच्या घरी गेलो. तिचे बाबा पूर्वी त्याच खाणीवर खनिजाचा ट्रक चालवायचे. खाणीवर काय झालं ते तिने घरी सांगितलं नव्हतं. त्यांनी मोबाइलवर जाहिरात पाहिली. मग आवाज बंद केला आणि परत पाहिली.

"हें तुका कोणें शिकयलें? आमचो क्लीनर अशेंच म्हणटालो."

"कोणेंच ना, बाबा."

ते उठून परसात गेले. माझा चहा संपला, मी निघालो, तरी आत आले नाहीत.

हाक आली नसती तर जीप रेघेवरच थांबली असती, हे खरं. पण शेवटचं 'राव' कोणी म्हटलं नसतं तर? तो तिला बोलवत होता की वाचवत होता... मला अजून कळलेलं नाही.