हात बांधलेला बडगा

लहानू काकाजींना राग पोसता येतो. आमच्या गल्लीतले बाकीचे लोक सकाळी भांडतात आणि संध्याकाळी एकाच टपरीवर तर्री-पोहे खातात. काकाजींचं तसं नाही. सख्ख्या मेहुण्याशी पतंगाच्या मांज्यावरून त्यांनी अबोला धरला. तो मेहुणा मेला तेव्हा खांदा द्यायला सगळ्यांच्या पुढे होते, पण रडले नाहीत. "अबोला हाय," म्हणाले.

नागपुरात इतवारीच्या मागच्या अंगाला आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी वैभवी, वकिली करते. काकाजी बांबूचे सांगाडे बांधतात, मांडवांचे, कमानींचे, आणि दरसाल एक बडगा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणाऱ्या बाईचा पुतळा, मिरवत निघते, तेव्हा तिच्यासोबत बडगे चालतात. गावाचा ज्याच्यावर राग, त्याचं ते सोंग. डेंग्यूचा डास, महागाई, पुढारी, कोणीही. लोक त्याला पोटभर शिव्या घालतात, "घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडतात आणि शेवटी जाळून टाकतात. बडगा परत आणायचा नसतो. आणला तर पीडा घरात पाट मांडून बसते, असं प्रेमिलाकाकू सांगायच्या.

प्रेमिलाकाकू म्हणजे काकाजींची बायको. हे सगळं त्यांच्यावरूनच झालं.

गल्लीच्या टोकाला बाबारावजींचं धान्याचं गोदाम आहे. दिवसभर ट्रक आत-बाहेर करायचे आणि शाळेची पोरं भिंतीला चिकटून चालायची. गल्लीनं मला पुढे केलं. मी मोठ्या कोर्टात याचिका लावली, की दिवसा ट्रक बंद करा. मला आशा होती. तिथल्याच दुसऱ्या एका न्यायमूर्तींनी पेपरातली बातमी वाचून, कोणी दार वाजवलं नसताना, धंतोलीत दवाखान्यांपुढच्या गाड्या हलवायला लावल्या होत्या. आमचं प्रकरण मात्र संयमासाठी नावाजलेल्या साहेबांपुढे गेलं. ते म्हणाले, "ट्रक कुठून, कधी जावेत हे प्रशासनानं ठरवायचं. न्यायालयच रस्ते चालवू लागलं तर प्रशासन हवं कशाला? आम्ही हस्तक्षेप करणार नाही." कायद्यानं यात चूक काढता येत नाही, आणि म्हणूनच मला आजही चीड येते.

त्याला महिनाही झाला नव्हता. काकू भाजी घेऊन येत होत्या, आणि गोदामातून ट्रक मागे येत होता. वांगी पार नालीपर्यंत घरंगळली. काकाजींनी ती एकेक करून वेचली, धुतली आणि तेरवीपर्यंत चुलीशेजारी ठेवली. सडली तरी कोणाला टाकू दिली नाहीत.

ड्रायव्हरवर त्यांचा राग नव्हता. "त्याले प्रेमिला दिसली नाही," ते म्हणाले. "त्या साहेबाले तर सारं सांगतलं होतं ना तू? डोळे असून गप बसला तो. मी नाही सोडत त्याले."

पोळा जवळ आला तसा त्यांच्या अंगणात बांबू उभा राहिला. दोन पुरुष उंच. अंगावर काळा झगा, गळ्यात पांढऱ्या पट्ट्या, दोन्ही हात सुतळीनं करकचून बांधलेले. डोळ्यांच्या जागी भंगारातून आणलेले गाड्यांचे लाल रिफ्लेक्टर. छातीवर पाटी: आम्ही हस्तक्षेप करणार नाही.

बाबारावजींना तर आयतंच कोलीत मिळालं. न्यायालयाची बदनामी थांबवा, बडग्यावर बंदी घाला, अशी याचिका त्यांनी टाकली आणि ती नेमकी त्याच साहेबांपुढे लागली. मी धावत काकाजींकडे गेले. त्यांना मी इतकं खूश काकू गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"वैभवी, तू हरून ये वं."

"काकाजी, आत टाकतील तुम्हाला!"

"टाकू दे ना. मले तेच पाह्यजे." सुतळीला आणखी एक गाठ मारत ते म्हणाले, "माझी बायको मरेपर्यंत याचे हात बांधले होते. आता सोताच्या अब्रूवर आलं तं सुटते का नाही पाह्य. एकदा सुटले, का मंग साऱ्या नागपूरले सांगतो मी, हात बांधले नोते म्हणून. झोपू देत नाही त्याले."

एवढ्यासाठी त्यांनी तो बडगा बांधला होता. साहेबांनी एकदा हात उचलावा, मग तो काकाजींवर का असेना. मी आजवर हरायची तयारी कधी केली नव्हती. त्या दिवशी कोर्टात जाताना मात्र मला खरंच कळत नव्हतं की मी काय मागू.

मागायची वेळच आली नाही. बाबारावजींच्या वकिलानं बडग्याचा फोटो पुढे केला. साहेबांनी तो बराच वेळ पाहिला. मग चष्मा काढून म्हणाले, "लोकांनी कोणाचं सोंग काढावं हे न्यायालय ठरवत नसतं. या खुर्चीची अब्रू बांबू-कागदानं जात नाही. आम्ही हस्तक्षेप करणार नाही. याचिका फेटाळली."

आम्ही जिंकलो होतो. मागच्या बाकावरून काकाजी ताडकन उठले.

"काहून?" ते ओरडले. "काहून नाही करत हस्तक्षेप? करा ना बंदी! टाका ना मले आत! एकदा तरी काही करा ना, साहेब!"

पोलीस धावले. साहेबांनी हातानंच त्यांना थांबवलं. "यांना पाणी द्या," म्हणाले, आणि मला विचारलं, "कोण हे?"

"बडगा यांनीच बनवलाय," मी म्हटलं. मग मला राहवलं नाही. "ट्रकच्या याचिकेतल्या गल्लीतले आहेत. निकालानंतर यांची बायको त्याच रस्त्यावर ट्रकखाली गेली."

साहेब माझ्याकडे पाहत राहिले. काहीतरी बोलतील असं वाटलं, आणि खरं सांगते, बोलावं म्हणून माझा जीव कासावीस झाला. त्यांनी चष्मा चढवला. "पुढचं प्रकरण."

शिपायानं आणलेल्या पाण्याला काकाजींनी हात लावला नाही.

मारबतीच्या दिवशी आमच्या बडग्यानं गर्दी खेचली. पोरं पाटी वाचून खिदळत होती, बायाबापड्या बोटं मोडत होत्या. काकाजी दुपट्टा आवळून चालत होते. जाळायची वेळ झाली, मंडळाची पोरं रॉकेल घेऊन आली, तसे ते आडवे आले.

"याले नाही जाळत."

"काकाजी, पीडा परत न्याल का घरी?" मी म्हटलं. "काकू काय म्हणायच्या, आठवते ना?"

"आठवते. जाळलं का सुटला तो. मले नाही सोडायचा." आणि बडगा ठेल्यावर आडवा घालून त्यांनी तो एकट्यानं ओढत परत आणला. कोणी हात लावायला धजलं नाही.

काकू पडल्या त्या वळणावर, गोदामाच्या फाटकासमोर, त्यांनी तो खड्डा खणून उभा गाडला. जुन्या फ्लेक्सचा रेनकोट घातला. बाबारावजी पोलिसांकडे गेले, मग वॉर्डाच्या ऑफिसात गेले. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं: साक्षात कोर्टानं ज्याला हात लावला नाही, त्याला आम्ही कसा लावणार? साहेबांच्या त्या एका वाक्यानं बडग्याला पक्कं संरक्षण दिलं. बाबारावजी रोज फाटक उघडतात आणि त्याचंच तोंड पाहतात.

एक गोष्ट मात्र काकाजींच्याही ध्यानात आली नव्हती. ट्रक वळणावर आला की दिवसा उन्हात, अंधारात त्याच्या दिव्यात ते लाल डोळे पेटतात. नवा ड्रायव्हर दचकून ब्रेक दाबतो, जुना सवयीनं हळू होतो. पोरं आता रस्त्याच्या मधून चालतात. परवा मी हे काकाजींना सांगितलं. वाटलं, आता तरी यांचा जीव थंड होईल.

"पाहा ना काकाजी, तुमच्या बडग्यानं गल्ली वाचवली."

ते बडग्याच्या हातांची सैल झालेली सुतळी आवळत होते.

"वाचवाले नाही गाडला वं त्याले," ते म्हणाले. "प्रेमिला गेली तवा त्यानं पाह्यलं नाही. आता रोज पाहू दे."