मेल्या शेळीचा भाव

दोन हजार तीन साली ओतूरच्या पलीकडच्या वाडीत शकुबाईशी सरळ तोंडानं बोलणारं एकही माणूस उरलं नव्हतं.

नवऱ्यामागं सात शेळ्यांवर तिचं घर चालायचं. उसात बिबटे राहू लागले तसा तिनं एक बोकड विकून गोठ्याला जाळी मारली. शेजारचा संपत हसला, "जाळी कशाला, शकुबाई? बिबट्यानं नेली तर सरकार भरपाई देतंय की!"

देतही होतं. संपतच्या भाकड शेळीला बाजारात कुणी विचारत नव्हतं. बिबट्यानं मारली की पंचनाम्यात तीच दुभती व्हायची. मग तो म्हाताऱ्या शेळ्या मुद्दाम उसाच्या कडेला बांधू लागला. आणखी चार घरांनी तेच केलं. बिबट्याला वाडीची चटक लागली. एका सांजेला त्यानं प्रयागबाईच्या अंगणात खेळणाऱ्या नातीवरच झडप घातली. पोरगी वाचली, पण हात कायमचा लुळा पडला.

पुढच्या ग्रामसभेला भरपाईचा साहेब आला होता. शकुबाई ताडकन उठली.

"साहेब, तुमी मेल्या शेळीचं पैसं देता, जित्या शेळीच्या जाळीला दमडी न्हाई. मग जाळी मारंल कोण? उघड्यावर बांधलेलीचं पैसं बंद करा अन् तेच जाळीला द्या."

"बाई, जाळीची तरतूद नाही."

"मग बिबट्याला तुमीच आवतण देताय!"

"आमच्या ताटात माती कालवती व्हय गं?" संपत अंगावर धावला. प्रयागबाई आपल्या बाजूनं बोलेल असं शकुबाईला वाटलं होतं. पण प्रयागबाई मान खाली घालून बसली. तिच्या लेकानंही दोन शेळ्या तशाच खपवल्या होत्या.

साहेबानं अर्धंच ऐकलं. उघड्यावरच्या शेळीची भरपाई बंद झाली, जाळीला रुपया आला नाही. सगळं खापर शकुबाईवर फुटलं. गिरणीवाला तिचं दळण मागं सारायचा. कुणीतरी तिची जाळी कापली. तिनं शिव्या घालत तारेनं शिवली.

संपतनं भाकड शेळ्या खाटकाला दिल्या अन् गोठा बांधला. बुडाला तो भूमिहीन भागू; गोठ्याला त्याच्याकडं ना जागा ना पैसा. त्याच्या तीनपैकी दोन शेळ्या बिबट्यानं नेल्या, हातात काहीच आलं नाही. तो शकुबाईच्या दारात येऊन वाटेल ते बोलला. एरवी शिवीला शिवी देणाऱ्या शकुबाईनं गोठ्याकडं बोट केलं.

"उरलेली माझ्या गोठ्यात बांध," ती म्हणाली.

"तुझ्या? त्यापरीस बिबट्यानं खाल्लेली बरी," म्हणून तो उंबऱ्यावर थुंकला अन् निघून गेला.

शकुबाईनं उंबऱ्यावर पाणी ओतलं आणि शेळ्यांना पाला टाकायला वळली.