त्यात निम्मा तू आहेस

औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांचा, घड्या घातलेला एक कागद असतो. भोर बाई तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायच्या आणि मगच गोळी घ्यायच्या. घोडेगावच्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवत आणि मी कॉम्प्युटर. मी नवीन असताना एकदा त्यांचं डोकं दुखत होतं. गोळी एका हातात, कागद दुसऱ्या हातात, असा त्यांचा ऑफ तास गेला. घंटा झाली तेव्हा डोकं दुखायचं थांबलेलं होतं. "बघ अर्चना," त्या म्हणाल्या, "वाचलं म्हणून गोळी वाचली."

चणीने लहान, आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत न ओरडता पोचणारा. "विचारलंस का?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. स्नेहसंमेलनाचे फोटो मुख्याध्यापकांनी फलकावर लावायला काढले, तेव्हा बाईंनी त्यांना आधी मुलांना विचारायला लावलं. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, लहान आहेत हो." बाई म्हणाल्या, "तोंड त्यांचंच आहे ना?" विचारल्यावर सहावीतली एक मुलगी हळूच नको म्हणाली. तिने घातलेला घागरा दुसऱ्या मुलीकडून मागून आणलेला होता. तो फोटो फलकावर लागला नाही, आणि का लागला नाही ते बाईंनी कुणाला सांगितलंही नाही.

निवृत्तीनंतर त्या एकट्याच राहायच्या. यजमान आधीच गेलेले. मुलगी रूपाली कॅनडात. एका उन्हाळ्यात बाई तिच्याकडे राहून आल्या. तिथे रूपालीने त्यांना एका नळीत थुंकायला लावलं होतं आणि ती नळी डीएनए तपासणाऱ्या कंपनीकडे धाडली होती. बाई परत आल्यावर निकाल आला. पूर्वज जवळजवळ सगळेच्या सगळे दक्षिण आशियातले. "एवढ्यासाठी थुंकी कशाला?" बाई म्हणाल्या. "आधार कार्ड दाखवलं असतं."

पण रूपालीला हवं होतं ते वेगळंच. त्या कंपनीकडून कच्च्या माहितीची एक फाइल उतरवून घेता येत होती. ती दुसऱ्या एखाद्या वेबसाइटला दिली की आजारांच्या शक्यता कळणार होत्या. पिंपळवंडीची आजी, म्हणजे बाईंची आई, शेवटची काही वर्षं सगळं विसरून गेली होती. पोटच्या मुलाला, सोपानमामाला, ती "पावणं, जेवून जावा" म्हणायची. तो रोज तिच्यासमोर पाहुण्यासारखा बसून जेवायचा. हे आईच्या वाट्याला आहे का, आपल्या आहे का, याची धास्ती रूपालीला होती. धास्ती बाईंनाही असणार. त्या तसं बोलल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "अर्चना, वेबसाइट निवडायची आहे. ये दुपारची."

आम्ही ती फाइल उघडून पाहिली. लाखो ओळी, प्रत्येकीत एक क्रमांक आणि दोन अक्षरं. बाई बराच वेळ ती स्क्रीन खाली सरकवत राहिल्या. "यात कुठंतरी आई आहे," त्या म्हणाल्या.

मग बाईंचं वाचन सुरू झालं. एक वेबसाइट अगदी फुकट होती. "फुकट देणारा काय विकतो ते आधी शोध." शोधलं, तर शेवटी शेवटी लिहिलेलं सापडलं, की माहिती भागीदार कंपन्यांना दिली जाईल. दुसरीचा अहवाल रंगीत आणि देखणा होता, पण ती कंपनी उद्या विकली गेली तर गिऱ्हाइकांची माहितीही मालासोबत जाणार होती. "म्हणजे गोठ्याबरोबर गाय." तिसरी कसला आहार घ्यावा ते सांगून स्वतःच्याच पावडरी विकत होती. तिच्यावर बाईंनी फार वेळ घालवला नाही.

उरलेल्या कंपन्यांना त्यांनी मला मेल लिहायला लावला. मी माहिती पुसा म्हटलं तर तुमच्याकडच्या जादा प्रतींमधूनही पुसाल का? तुमचं उत्तर चुकू शकतं का? बहुतेकांकडून यंत्राने लिहिलेली आभाराची पत्रं आली. एकीकडून मात्र माणसाने लिहिलेलं उत्तर आलं. जादा प्रती पुसायला थोडा काळ लागतो. अशा कच्च्या फाइलीत काही अक्षरं चुकीची वाचली गेलेली असू शकतात, त्यामुळे गंभीर काही निघालं तर प्रयोगशाळेत पुन्हा तपासल्याशिवाय खरं धरू नका. आणि विसराळूपणाच्या आजाराचं पान आम्ही झाकून ठेवतो, तुम्ही वेगळी संमती दिली तरच उघडतं.

बाईंना ते आवडलं. "चुकू शकतो म्हणणाऱ्याकडे जायचं. आणि शक्यता म्हणजे निकाल नव्हे, हे यांना माहीत आहे."

त्या कंपनीच्या वेबसाइटवर द्यायला फाइल निवडली. शेवटी एक चौकट आली, तिच्यात टिक करायची होती. ही माहिती देण्याचा अधिकार माझा आहे, असं त्यापुढे लिहिलेलं. बाईंनी माझा हात धरला.

"माझा आहे का गं?"

"तुमचीच फाइल आहे, बाई."

"माझी एकटीची कुठं? सोपान्याला विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटीवर मागे बसून त्या पिंपळवंडीला निघाल्या. सोपानमामा टोमॅटोच्या सुतळ्या बांधत होते. बहिणीला पाहून बांधावर आले. घोडेगावात प्रमाण भाषा बोलणाऱ्या बाई भावासमोर बसल्या की बोलणं आपोआप बदलायचं.

"सोपान, माझ्या थुकीतनं आईच्या दुखण्याचं कळतंय म्हणं. बघू का?"

"मंग बघ की. मला काय इचारती?"

"त्यात निम्मा तू हायेस. आईबापाचं जे मला आलं, त्यातलं निम्मं तुलाबी आलंय. माझ्यात निघालं तर तुझ्यातबी आसंल, नसंलबी. पर इचार तुझ्या डोक्यात बसंल."

मामांनी हातातली सुतळी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग म्हणाले, "नगं बघू, आक्का."

"बरं."

"तू न्हाई सांगितलं तरी मला कळंल. तुझं तोंड मला वाचता येतंय." पुढे ते म्हणाले, "आन मला लई भ्या वाटतंय. परवा नारायणगावच्या बाजारात गाडी कुठं लावली तेच आठवंना. पोराचं नाव तोंडात येईना. नंदाला सांगितलं न्हाई."

नंदा म्हणजे त्यांची बायको. ती घरात चहा ठेवत होती. बाई उठून भावाच्या शेजारी जाऊन बसल्या. चहा आल्यावर बाईंनी नंदामामींना आपल्या जवळ बसवून घेतलं आणि मामांना म्हणाल्या, "आता तूच सांग हिला." मामांनी सांगितलं. मामी म्हणाल्या, "मला ठावं हाय. तुमीच बोलायची वाट बघत व्हते."

फाइल बाजूला राहिली. त्याच आठवड्यात बाई दोघांना घेऊन पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेल्या. तपासण्या झाल्या. मामांच्या रक्तात बी-बारा जीवनसत्त्व फारच कमी निघालं, थायरॉईडही बिघडलेलं. डॉक्टर म्हणाले, बरंचसं सुधारेल, पुढचं आज सांगता येणार नाही. इंजेक्शनं सुरू झाली, आणि खरोखरच काही महिन्यांत मामा बाजारातून न चुकता गाडी घेऊन येऊ लागले. पण मनात दाबून ठेवलेली भीती त्या बांधावर बाहेर पडली नसती तर काय झालं असतं, हे मी अनेकदा मनाशी म्हणते. कुठल्याही वेबसाइटने ती बाहेर काढली नसती. बहिणीने परवानगी मागितली म्हणून ती निघाली.

रूपाली फोनवर चिडली. मी तिथेच होते. "आई, मला कळायचा हक्क नाही का?"

"आहे ना. तुझी नळी तू भर. वेबसाइट मी शोधून ठेवलीय, चांगली आहे. पण जे येईल ते मला सांगू नकोस. तुझ्यात निघालं तर ते माझ्याकडून आलेलं असू शकेल, आणि मग माझं तोंड सोपान वाचेल."

 मग रूपाली म्हणाली, "बरं." तिने तपासणी केली. आईला काही सांगितलं नाही, आणि आईने विचारलं नाही. आपली फाइल आणि ती थुंकीची नळी मात्र बाईंनी पहिल्या कंपनीला कळवून नष्ट करायला लावली. तसं झाल्याचं उत्तर येईपर्यंत त्या कंपनीच्या मागे लागल्या होत्या.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. हृदय बंद पडलं. आदल्या दिवशी दुपारी त्यांनी माझ्या मुलीला अपूर्णांक समजावले होते. स्मृती शेवटपर्यंत लख्ख. त्यांच्या निम्म्यात काय होतं, ते कुणालाच कळलं नाही.

दहावा झाल्यावर कॅनडातून आलेली रूपाली आणि मी पिंपळवंडीला गेलो. अंगणात मामा एकटेच बसले होते. त्यांनी भाचीला जवळ बोलावलं.

"तुझं काय आलं गं त्या तपासणीत?"

रूपालीने माझ्याकडे पाहिलं. "मामा, तुम्हाला तर नको होतं."

"तवा नगं व्हतं. तवा आक्का व्हती. आता तू येकलीच ते घिऊन हिंडती."

"एकदा सांगितलं की परत घेता येणार नाही, मामा. सांगू का नक्की?"

"सांग," मामा म्हणाले आणि बाजेवर तिच्यासाठी जागा केली.

ती बसली. मी उठून आत नंदामामींकडे गेले.