फिटलेला नवस

अंबाडीची अर्धी जुडी निवडून झाली होती. तेवढ्यात पलंगावरून तुळशीरामांनी आवाज दिला, "राजूची माय, पाणी आलं वाटते. गादी भिजून राहिली."

बाहेर ऊन होतं. जयवंताबाईंनी सूप बाजूला सारलं आणि दोरीवरचा वाळलेला पायजमा ओढला.

हाच माणूस सौंसरच्या बगिच्यांतून एक चक्कर मारून झाडावरच्या संत्र्यांचा अंदाज सांगायचा, आणि व्यापारी त्याच्या शब्दावर सौदा करायचे. मग पाय भुईला चिकटल्यासारखे घासू लागले. पुढे लघवी आवरेना, नातवंडांची नावं आठवेनात. म्हातारपणच ते, असं सगळे म्हणाले. बाईंनी तेवढा मारुतीला नवस बोलला: हे सरळ चालले तर रोट चढवीन.

शेवटी राजूनं बापाला नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत पाणी साठलंय. पाठीत सुई घालून त्यांनी थोडं पाणी काढलं, आणि दुसऱ्या दिवशी तुळशीराम दवाखान्याच्या वऱ्हांड्यात कुणाचा हात न धरता चालले.

"ही फक्त तपासणी होती," डॉक्टरांनी बजावलं. "पाणी पुन्हा भरेल. डोक्यातून पोटापर्यंत नळी टाकावी लागेल. आज चालले, म्हणजे नळीचा उपयोग होईल."

"मारुतीनं उभं केलं, आता डोस्कं कायले फोडून घेऊ?" तुळशीराम म्हणाले. बाईंनाही ते पटलं. देवानं दिल्यावर वरून चिरफाड म्हणजे त्याच्यावर अविश्वासच की. शनिवारी गोवऱ्यांवर रोट भाजला, गल्लीभर वाटला. नवस फिटला. पुढचा शनिवार यायच्या आत पाय पुन्हा घासू लागले.

राजू ऑपरेशनचं काढायचा, म्हातारा हसून टाळायचा, बाई उठून चुलीकडे जायच्या. दोन पावसाळे तसेच गेले. परवा पुन्हा नागपूरला नेलं तर हृदयच थकलेलं निघालं. भूल झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. सून अपर्णानं मोबाइलवर वाचलेलं विचारलं, की चेहरा-मान हलक्या हातानं चोळून मेंदूतलं पाणी उतरवतात म्हणे? "ते उंदरांवर करून पाहिलंय, ताई. माणसांना कधी लागू पडेल, सांगता येत नाही. यांच्यासाठी आज माझ्याकडे तसं काही नाही."

तरी कपडे बदलून झाल्यावर बाईंनी वाटीत तेल घेतलं. गालांवरून, कानांखालून मानेपर्यंत बोटं हळूहळू उतरवली.

"हळद लावून राहिली काय?" तुळशीरामांनी डोळे मिटूनच विचारलं. "नवरी कोठची हाय?"

"बोरगावची," बाई म्हणाल्या. त्यांचं माहेर बोरगावचंच.

"चांगली हाय काय?"

बाईंनी वाटीत पुन्हा बोटं बुडवली.

दारातून अपर्णा म्हणाली, "आई, मारुतीले पुन्हा एकदा बोलून पाहा ना."

"काय बोलू, बाई? हे चालले पाह्यजेत म्हणलं होतं. चालले. त्यानं त्याचं केलं. फिटलेला नवस दुसऱ्यांदा बोलत नसतात."

तेलाचे हात त्यांनी पदराला पुसले. अंबाडी सुपात सुकत होती; ती त्यांनी अपर्णाकडे सरकवली आणि पिशवी उचलली. गादीवर अंथरायचं रबर आणायला बाजारात जायचं होतं.